एफआय काढून कार्बोरेटर बसवावा का? ५०० सीसीवाल्यांनो, मत हवंय

घाटमाथा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण गाडी जिवाभावाची आहे म्हणून सगळं लिहितो.

गाडी २०१७ सालची, बीएस-४ (प्रदूषणाच्या नियमांचा टप्पा), ५०० सीसी, एक सिलिंडर, फ्युएल इंजेक्शन (एफआय, म्हणजे कॉम्प्युटर मोजून पेट्रोल फवारतो). एमएच-१२, पहिला मालक मीच. ६८,००० किलोमीटर झालेत. वडिलांना मागे बसवून पंढरपूर, तुळजापूर, गोंदवले याच गाडीवर केलं. ते आता नाहीत. गाडी विकायची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

गेल्या पावसाळ्यापासून दुखणं लागलंय. चांदणी चौकाच्या चढाला साठच्या स्पीडवर मूठ एका जागी धरली की झटके देते, मागून कुणीतरी ओढून धरल्यासारखी. गरम झाली की सिग्नलला बंद पडते. नळ स्टॉपला भर गर्दीत दोनदा पडली. मूठ सोडली की सायलेन्सरमधून फट्-फट् आवाज. पूर्ण पिळली की नव्वदच्या पुढे दम संपतो. ॲव्हरेज ३० वरून २३ वर आलंय. इंजिनचा दिवा मात्र एकदाही लागला नाही. दोन वर्षांपूर्वी फ्री-फ्लो (कमी अडथळ्याचा) सायलेन्सर बसवला होता, तेव्हापासून थोडं फटफटणं होतंच.

एका गॅरेजने थ्रॉटल बॉडी धुतली, प्लग बदलला. पंधरा दिवस बरी चालली, मग पुन्हा तेच. दुसरीकडे सांगितलं की इसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला. "साहेब, नव्या इसीयूत पैसे घालू नका. सगळं एफआय काढतो, २८ मिमीचा कार्ब (कार्बोरेटर) आणि सीडीआय (ठिणगी देणारी साधी पेटी) टाकतो, आयुष्यभर बघायला नको." एकूण १८,००० सांगितलेत. मी २,००० ॲडव्हान्स देऊन आलोय.

पुण्यात कुणी हे केलंय का? की एफआयच ट्यून करून घ्यावं?

नानापेठी

थांबा. अजून काही कापलं नाही ना? वायरिंगला हात लावू देऊ नका. आज दुकान बंद केल्यावर सविस्तर लिहितो.

रानवाट

मी कार्बोरेटरच्या बाजूने बोलणार आहे आणि अनुभवावरून बोलणार आहे.

२०१८ ला आम्ही सहा जण मनालीहून स्पितीत उतरलो. लोसरच्या अलीकडे एका मित्राच्या एफआय गाडीचा पेट्रोल पंप गेला. चावी फिरवली की टाकीतून येणारा तो बारीक घूं आवाजच बंद. इंजिन ठणठणीत, टाकी भरलेली, प्लगला ठिणगी, आणि आम्ही सहा जण नुसते गाडीकडे बघत उभे. शेवटी पिकअपमध्ये घालून मनालीला परत. त्याची ट्रिप तिथेच संपली. माझ्या ३५० सीसीच्या कार्बवाल्या गाडीत त्याच रस्त्यावर कचरा अडकला होता. फ्लोट बाऊल (कार्बची पेट्रोलची वाटी) उघडला, जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) फुंकला, पंधरा मिनिटांत निघालो. हत्यार काय, तर एक स्क्रू ड्रायव्हर.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. कुंझुम चढताना माझी गाडी गुदमरत होती. हवा विरळ झाली तरी कार्ब पेट्रोल तेवढंच पाजतो. नीडलची (पेट्रोल कमी-जास्त करणाऱ्या सुईची) क्लिप एक घर वर घेतली तेव्हा कुठे चढली, आणि खाली आल्यावर पुन्हा पूर्ववत करावी लागली. एफआयवाले ते काहीही न करता चढत होते. तरीही मला माझ्या हाताने दुरुस्त होणारी गाडी हवी. रस्त्यात अडकल्यावर वाटणारी असहायता ज्याने अनुभवलीय त्याला हे पटेल.

मुळाकाठ

पिंपरीच्या कारखान्यात इंजिन टेस्टिंगला बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे.

घाटमाथा, तुम्हाला १८,००० चा आकडा सांगणाऱ्याने एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी होती. तुमच्या गाडीचा इसीयू फक्त पेट्रोल सोडत नाही, ठिणगी कधी पडायची तेही तोच ठरवतो. वेग, मुठीची जागा, इंजिनचं तापमान, आत येणाऱ्या हवेचा दाब बघून क्षणाक्षणाला टायमिंग पुढे-मागे करतो. त्यासाठी मॅग्नेटवर (क्रँकसोबत फिरणाऱ्या चाकावर) ओळीने दाते असतात आणि एका ठिकाणी दाते गाळलेले असतात. त्या फटीवरून क्रँक कुठे आहे हे त्याला कळतं. साध्या सीडीआयला फेऱ्याला एकच खूण लागते. म्हणजे कार्ब लावणं हे निम्मं काम. उरलेलं मॅग्नेट, पिकअप (दाते ओळखणारा सेन्सर), कॉइल आणि वायरिंगचं, आणि टायमिंगचा आलेख तुमच्या इंजिनाला जुळणारा मिळेल याची खात्री कोण देणार? ५०० सीसीच्या एकट्या पिस्टनला टायमिंग दोन-चार अंश चुकलं तर भर उन्हात घाट चढताना नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) होईल, आणि ते हेल्मेटच्या आत ऐकूही येणार नाही.

कार्बोरेटरबद्दल मला आकस नाही. पुण्याचंच उदाहरण घ्या. बजाज ऑटोने २००७ ला पल्सर २२० डीटीएस-एफआय काढली. २००९ ला तीच गाडी कार्बोरेटरवर आणली. किंमत उतरली, आणि ताकद कमी व्हायच्या ऐवजी २० पीएसची २१ पीएस झाली. २०२० ला बीएस-६ आलं तेव्हा त्याच २२० ला पुन्हा एफआय लागलं. रॉयल एनफिल्डच्या हिमालयनचंही बघा. २०१६ ला कार्बोरेटरवर आली, २०१७ ला बीएस-४ साठी एफआय आलं, जाहीर ताकद दोन्ही वेळा २४.५ बीएचपीच. ताकदीसाठी कार्ब वाईट नाही, हे यातून दिसतं. पण हे बदल कारखान्यात झाले. तिथे इंजिन डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) दिवसचे दिवस पळवून जेट, नीडल, टायमिंग एकमेकांशी जुळवतात. गॅरेजमध्ये ते दोन दिवसांत आणि कानाच्या भरवशावर होतं.

घाटमाथा

काका, ठिणगीचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. पण इसीयूच गेला असेल तर दुसरा मार्ग काय उरतो?

नानापेठी

आलो. आता नीट वाचा.

इसीयू गेला असता तर गाडी चालू झाली नसती, किंवा कुठलाही नेम न ठेवता कधीही बंद पडली असती. तुमचं दुखणं नेमानं येतं. धरल्या मुठीवर झटके, गरम झाल्यावर स्लोला (मूठ सोडून इंजिन चालू असताना) बंद, मूठ सोडल्यावर फटाके, वरच्या स्पीडला उपास. २२ वर्षं या धंद्यात आहे, त्यात खरोखर जळालेले इसीयू बोटांवर मोजण्याइतके पाहिले, आणि त्यातले बरेच चुकीच्या जंप-स्टार्टने किंवा वॉशिंगच्या प्रेशरने गेलेले. इसीयू हा शेवटचा संशयित. आपल्याकडे मात्र ज्याचा दोष सापडत नाही तो दोष इसीयूचा, अशी सवय लागलीय आणि गिऱ्हाईक त्यात भरडतं. मला याचा मनापासून राग येतो.

आता तुमच्या गाडीत मला दोन वेगळे आजार दिसतात.

पहिला, बेंडपाईप, म्हणजे इंजिनपासून सायलेन्सरकडे जाणारा पाईप. फ्री-फ्लो बसवताना बेंडपाईप सैल केला असेल, तेव्हा सिलिंडर हेडपाशी असलेली गास्केट नवी टाकली होती का? जुनीच दाबली असेल तर तिथून लीक असणार. एक्झॉस्टचा धक्का पुढे गेला की मागे क्षणभर पोकळी होते आणि त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढे ऑक्सिजन सेन्सर बसलाय. त्याला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो, तो इसीयूला कळवतो की मिश्रण लीन (पेट्रोल कमी) आहे, आणि इसीयू पेट्रोल वाढवतो. खरं तर लीन नव्हतंच. गाडी रिच (पेट्रोल जास्त) होते, प्लग काळा पडतो, ॲव्हरेज पडतं, गरम असताना स्लोला गुदमरून बंद पडते. मूठ सोडल्यावरचे फटाकेही तीच हवा उडवते. दिवा का लागत नाही? कारण सेन्सर बिघडलेला नाहीच. त्याला जे दिसतं ते तो खरंच सांगतोय.

दुसरा, पंप. नव्वदला दम संपणं हे रिचचं लक्षण नाही, तिथे पेट्रोल कमी पडतंय. पंपाच्या तळाशी जाळी असते आणि पुढे फिल्टर. ६८,००० ला एकदाही बदलला नसेल तर तो चिखलाने भरला असणार. रेलमध्ये (इंजेक्टरला पेट्रोल पोहोचवणाऱ्या नळीत) बहुतेक गाड्यांत ३ बारच्या आसपास प्रेशर लागतं. इंजेक्टर किती वेळ उघडायचा हे इसीयू तेवढं प्रेशर आहे असं धरून ठरवतो. प्रेशरच नसेल तर तेवढ्या वेळात तेवढं पेट्रोल येणार कुठून?

घरी करायची तपासणी अशी. सकाळी गार इंजिन चालू करा, सायलेन्सरच्या तोंडावर ओला जाड फडका हलकेच धरा आणि हेडपाशी कान द्या. चुक-चुक आवाज आला तर लीक आहे. जोडाभोवती काजळी दिसतेय का तेही बघा. हात भाजू देऊ नका. मग बॅटरी तपासा, चालू गाडीवर १४ व्होल्टच्या आसपास हवेत. त्यानंतर कुणाकडून तरी प्रेशर गेज लावून घ्या. यातलं काहीही करायला गाडी कापावी लागत नाही.

पिरंगुटकर

मी हे केलेलं आहे, म्हणून लिहिणं कर्तव्य समजतो.

माझी ४११ सीसी एफआय गाडी मी कार्बवर नेली होती. तीच गाडी आधी कार्बवर यायची, तेव्हा सोपं असेल असं वाटलं. सोपं नव्हतं. एफआयच्या टाकीला खाली पंपाचं मोठं भोक असतं, पेट्रोल कॉक बसायला जागाच नसते. पत्रा वेल्ड करून कॉक लावला. पेट्रोलचा काटा पंपासोबतच गेला, मग टाकीत किती आहे ते हलवून बघायचं. मॅग्नेट, पिकअप, वायरिंग बदललं. जो कार्ब ओरिजिनल म्हणून घेतला तो नकली निघाला, जेटवर ११० लिहिलेलं असलं तरी भोक त्या मापाचं नव्हतं.

मग सुरू झालं जेटिंग. पावपर्यंतची मूठ पायलट जेट सांभाळतो, मधली नीडल, वरची मेन जेट, हे तेव्हा शिकलो. प्लग काढायचा, रंग बघायचा, परत लावायचा. मे महिन्यात जमवलेलं जुलैत ताम्हिणीच्या धुक्यात बिघडायचं. पुण्यात छान चालणारी गाडी महाबळेश्वरला जड व्हायची. आपलं शहर ५६० मीटरवर, ते १३५० च्या आसपास. एवढ्या फरकानेही जाणवतं. सकाळी चोक ओढायचा, दोन मिनिटं उभं राहायचं, ते मला आवडायचं, खोटं कशाला बोलू? मुठीचा प्रतिसादही गोड होता, मऊ. पण आठ महिन्यांनी वेल्डिंगपाशी टाकी पाझरायला लागली, आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकताना पाहून मी सगळं परत मूळ केलं. परत मूळ करायला कार्बवर जाण्यापेक्षा जास्त खर्च आला, कारण हार्नेस (वायरिंगचा जुडगा) कापलेला होता.

नानापेठींनी पहिल्याच प्रतिसादात वायरिंगला हात लावू देऊ नका म्हटलंय. त्या एका वाक्याची किंमत मला माहीत आहे.

संगमपूल

कायद्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं, त्यात अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. बीएस-४ म्हणून मंजूर झालेली गाडी कार्बोरेटर आणि सीडीआयवर नेली तर ती ज्या चाचणीत पास झाली होती ती गाडीच राहत नाही. पीयूसीला कदाचित पकडली जाणार नाही, तिथे स्लोवरचा धूर मोजतात आणि स्लो लीन करून आकडा खाली आणता येतो. पण अपघात झाला आणि विम्याचा सर्व्हेअर आला, तर त्याच्यासमोर हे उघडं पडेल. क्लेम अडकला तर तेव्हा गॅरेजवाला सोबत उभा नसेल.

रानवाट

संगमपूल ताई, हे मला माहीत नव्हतं. माझी गाडी मूळचीच कार्बची आहे, पण मी दोघांना हा बदल सुचवला होता. त्यांना आजच फोन करतो.

घाटमाथा

आज सकाळी फडक्याची तपासणी केली. हेडपाशी स्पष्ट चुक-चुक ऐकू आलं. जोडाच्या खालच्या बाजूला काळा पट्टा आहे, दोन वर्षं तिथे होता आणि मी तो दर रविवारी पुसत होतो.

दरम्यान एक शंका. मी फ्री-फ्लो ठेवला तर ट्यूनिंग लागेल का? आणि ॲव्हरेज पडायला इथेनॉलचं पेट्रोल कारण असेल का? पंपावर सगळे तेच म्हणतात.

मुळाकाठ

इथेनॉलचा हिशेब सोपा आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. त्याचा २० टक्के वाटा म्हणजे एकूण सहा-सात टक्के घट. तुमचं ३० चं २८ झालं असतं. २३ व्हायला दुसरं कारण हवं, आणि ते तुम्हाला आज सकाळी ऐकू आलं.

यातली दुसरी गोष्ट तुमच्या मूळ प्रश्नाशी जोडलेली आहे. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पटच. २० टक्के मिश्रणाचा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे त्याच हवेला पेट्रोल जास्त सोडावं लागतं. ऑक्सिजन सेन्सरवर चालणारा इसीयू ही भर आपल्या मर्यादेत स्वतः घालतो. कार्बोरेटरचा जेट म्हणजे पितळेत पाडलेलं भोक, ते स्वतः मोठं होत नाही. जुन्या पेट्रोलवर बरोबर असलेली कार्बची गाडी या पेट्रोलवर लीन होते, जेट बदलावा लागतो. आज नव्याने कार्बकडे जाणाऱ्याने एवढं तरी लक्षात घ्यावं.

चिमणीबाग

ट्यूनिंगबद्दल मी सांगतो, माझ्या ३९० सीसीच्या गाडीवर पिगीबॅक आहे.

ट्यूनिंगच्या नावाखाली तीन वेगळी कामं चालतात. इसीयूच्या आतला मॅप (किती पेट्रोल सोडायचं याचा तक्ता) बदलणं, म्हणजे रीमॅप. इसीयू आणि इंजेक्टरच्या मधे पेटी बसवणं, म्हणजे पिगीबॅक. पॉवरट्रॉनिक, फ्युएलएक्स त्यातलेच, कपलरवर बसतात, तार कापावी लागत नाही आणि काढले की गाडी मूळ. आणि तिसरं, ज्याला लोक ट्यूनिंग म्हणतच नाहीत, ते म्हणजे थ्रॉटल बॉडी साफ करून टीपीएस (मुठीची जागा सांगणारा सेन्सर) आणि आयडल (स्लोची चाल) इसीयूला पुन्हा शिकवणं.

मूळचा ऑक्सिजन सेन्सर नॅरोबँड असतो. मिश्रण १४.७ च्या या बाजूला की त्या बाजूला एवढंच सांगतो, किती ते नाही. त्याचा शब्द इसीयू स्लोवर आणि एकसारख्या चालीवर ऐकतो. पूर्ण मूठ पिळल्यावर त्याच्याकडे न बघता आतल्या तक्त्याप्रमाणे पेट्रोल सोडतो, कारण ताकदीसाठी साडेबारा-तेराचं रिच मिश्रण लागतं. फ्री-फ्लोने हवेचा हिशेब बदलला तर चूक इथे होते, आणि ती वाइडबँड (किती तेही सांगणारा) सेन्सर लावून डायनोवरच नीट दिसते. दुसऱ्याच्या गाडीचा मॅप इंटरनेटवरून घेऊन टाकू नका. आणि आजारी गाडी कधीच ट्यून करू नका. लीक असताना बनवलेला मॅप लीक बंद केल्यावर चुकीचा ठरतो. आधी गाडी निरोगी, मग मॅप.

पिरंगुटकर

शेवटचं वाक्य मी माझ्या गॅरेजच्या दारावर लिहून घेणार आहे.

घाटमाथा

दहा दिवसांनी लिहितोय, उशिराबद्दल माफ करा.

कार्बवाल्यांना स्पष्ट नाही सांगितलं. ॲडव्हान्समधले दीड हजार त्यांनी परत दिले, वाद झाला नाही. नाना पेठेतून बेंडपाईपची गास्केट आणि फिल्टर घेतला. नानापेठींनी व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) सांगितलेल्या एका गॅरेजमध्ये मी स्वतः शेजारी बसून काम करून घेतलं.

प्रेशर गेज लावला तेव्हा स्लोवर २.४ बार होतं आणि मूठ पिळली की १.८ वर यायचं. पंप बाहेर काढला. जाळीवर काळपट, बुळबुळीत थर होता, बोटाने खरवडला तर निघत होता. टाकीच्या तळाशी चमचाभर पाणी. गेल्या पावसाळ्यात गाडी सोसायटीत उघड्यावर उभी असायची, टाकीच्या झाकणाचं रबर चिरलेलं आहे, तिथूनच गेलं असणार. टाकी पूर्ण रिकामी करून वाळवली. नव्या फिल्टरवर प्रेशर ३ बार, मूठ पिळली तरी हलत नाही. गास्केट बदलली, प्लग नवा टाकला, आयडल शिकवलं. एकूण खर्च ३,६०० रुपये.

त्यावर दोन दिवस फ्री-फ्लोसह चालवली. झटके गेले, सिग्नलला बंद पडणं गेलं. फक्त शंभरच्या पुढे किंचित पोकळ वाटत होती. चिमणीबाग म्हणाले त्याप्रमाणे पिगीबॅक घेऊन डायनोवर जायचं की नाही यावर विचार केला, आणि माळ्यावरून मूळ सायलेन्सर उतरवला. पोकळपणाही गेला. मला त्या स्पीडला रोज जायचं नाही, आणि आईला तो जुना आवाज ओळखीचा आहे. गाडी फाटकाशी आली की ती चहा टाकते.

रविवारी पानशेतवरून पाबे घाट, वेल्हे, नसरापूर असा फेरा मारला. साधा चहाचाही थांबा घेतला नाही, सलग चालवली. पाबेच्या चढाला दुसऱ्या गिअरवर मूठ एका जागी धरून बघितली, मुद्दाम, तीन वेळा. एकही झटका नाही. टाकी ते टाकी ॲव्हरेज २८.५.

रानवाट, तुमची स्पितीची गोष्ट विसरलो नाही. पुढच्या वर्षी जायचं ठरतंय, तेव्हा सुटा पंप आणि फिल्टर सोबत घेणार, आणि तो रस्त्यात बदलायला शिकून घेणार.

नानापेठी

फार आनंद झाला. एकच विचारायचं राहिलं, पंप परत बसवताना टाकीच्या तोंडाची ओ-रिंग नवी टाकली ना? जुनी पेट्रोलने फुगते, खाचेत नीट बसत नाही आणि नंतर पाझरते. आणि झाकणाच्या रबराचं काय केलं?

घाटमाथा

ओ-रिंग नवीच टाकली, जुनी शेजारी ठेवून बघितली तर बोटभर मोठी झाली होती. झाकणाचं रबर दुकानात नव्हतं, शनिवारी येणार आहे. तोवर रात्री टाकीवर प्लास्टिक बांधतोय.